आरसाइझ आणि डब्ल्यूसाइझ: मागितलेला, ठरलेला आणि चालता आकडा

एनएफएसचं माउंट, म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या फाइली नेटवर्कवरून आपल्याकडे दिसाव्यात यासाठी केलेली जोडणी, संथ चालतंय अशी तक्रार आली की नवख्या ॲडमिनचा हात हमखास दोन पर्यायांकडे जातो: आरसाइझ आणि डब्ल्यूसाइझ. कुठून तरी उचललेला एक आकडा एफएसटॅबमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना काय माउंट करायचं ते लिहिलेल्या फाइलमध्ये, चिकटतो, मशीन रीबूट होतं आणि फरक पडला की नाही हे कोणीच मोजत नाही. मीही हेच केलंय. एका जुन्या सर्व्हरच्या एफएसटॅबमधून ६५५३६ हा आकडा मी पुढच्या तीन सर्व्हरवर जसाच्या तसा नेला. तो तिथे का होता हे मी कधी विचारलं नव्हतं. नंतर कळलं की तो ज्या स्टोरेजसाठी लिहिला होता ते केव्हाच भंगारात गेलं होतं.

या विषयात गोंधळ होतो तो आकडा एकच आहे असं आपण धरून चालतो म्हणून. प्रत्यक्षात आकडे तीन असतात. पहिला तुम्ही माउंट करताना मागता तो. दुसरा क्लायंट आणि सर्व्हर यांच्यात ठरतो तो. तिसरा तारेवर एकेका विनंतीमागे खरोखर जातो-येतो तो. तिन्ही सारखे निघाले तर नशीब म्हणायचं. पुढच्या पायऱ्या या तीन आकड्यांना वेगवेगळं पकडण्यासाठी आहेत.

पर्याय, आदेश आणि फाइलींची नावं मी इथे उच्चारतो तशी लिहिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची. उदाहरणं लिनक्सच्या क्लायंटची आहेत.

हा आकडा नेमका कशाचा

तुमचा प्रोग्राम फाइल वाचतो तेव्हा क्लायंट सर्व्हरला रीड नावाची विनंती पाठवतो: अमुक फाइल, अमुक जागेपासून, इतके बाइट. एका विनंतीत जास्तीत जास्त किती बाइट मागायचे याची मर्यादा म्हणजे आरसाइझ. लिहिताना एका राइट विनंतीत जास्तीत जास्त किती बाइट भरायचे याची मर्यादा म्हणजे डब्ल्यूसाइझ. दोन्ही आकडे बाइटमध्ये असतात.

‘जास्तीत जास्त’ हे दोन शब्द अधोरेखित करून ठेवा. आरसाइझ १ एमबी ठेवलं म्हणून ८ केबी वाचणाऱ्या डेटाबेसला दर वेळी १ एमबी ओढावा लागतो, असं बरेच जण समजतात. तसं होत नाही. ती वरची मर्यादा आहे. तिच्या आत किती मागायचं हे प्रोग्रामच्या वागण्यावर आणि कर्नलच्या आगाऊ वाचनावर (पुढे लागेल असं धरून डेटा आधीच मागवण्यावर) ठरतं.

मोठा आकडा फायद्याचा का, हे साध्या गणिताने कळतं. १ जीबीची फाइल ८ केबीच्या तुकड्यांनी आणायची तर १,३१,०७२ विनंत्या लागतात. १ एमबीच्या तुकड्यांनी १,०२४ पुरतात. जाण्यायेण्याला १ मिलिसेकंद लागतो आणि एक उत्तर आल्यावरच पुढची विनंती जाते असं धरलं, तर पहिल्या प्रकारात नुसत्या वाट पाहण्यात १३१ सेकंद जातात, दुसऱ्यात जेमतेम एक. खरा क्लायंट इतका भाबडा नसतो, तो अनेक विनंत्या एकदम सोडून ठेवतो, त्यामुळे फरक एवढा भयंकर दिसत नाही. पण प्रत्येक विनंतीमागे दोन्ही बाजूंच्या प्रोसेसरला थोडं काम पडतंच, आणि अंतर वाढलं की वाट पाहणंही वाढतं.

पायरी १: आत्ता काय ठरलंय ते बघा

काहीही बदलण्याआधी हे करा. एफएसटॅबमध्ये जे लिहिलंय तो मागितलेला आकडा. ठरलेला आकडा प्रॉक डिरेक्टरीतल्या माउंट्स या फाइलमध्ये दिसतो. ती फाइल कॅटने छापा आणि आपल्या माउंटची ओळ शोधा. त्यात आरसाइझ आणि डब्ल्यूसाइझ दोन्ही दिसतील, तुम्ही ते मागितले असोत वा नसोत. हीच माहिती जरा नीटनेटकी हवी असेल तर एनएफएसस्टॅट हा आदेश एम पर्यायासह चालवा.

इथे एक जुना सापळा आहे. ईटीसी डिरेक्टरीतली एमटॅब नावाची फाइल जुन्या सिस्टिमवर खरीखुरी वेगळी फाइल असायची आणि तिच्यात तुम्ही मागितलेलाच आकडा लिहिलेला असायचा. तो बघून ‘लागू झालं’ म्हणत लोक खूश व्हायचे. आज बहुतेक ठिकाणी एमटॅब हा प्रॉकमधल्या फाइलकडेच नेणारा दुवा असतो, तरी सवय प्रॉकची लावून घ्या.

दिसलेला आकडा कागदावर लिहून ठेवा. खरंच लिहा. तासाभराने चार प्रयोग झाले की सुरुवातीला काय होतं हे आठवत नाही.

पायरी २: तो आकडा कोणी ठरवला ते शोधा

प्रोटोकॉलच्या दुसऱ्या आवृत्तीत फारसा प्रश्नच नव्हता, एका विनंतीची कमाल मर्यादा ८१९२ बाइट अशी ठरलेलीच होती. १९९५ मध्ये तिसऱ्या आवृत्तीचं वर्णन आरएफसी १८१३ म्हणून प्रसिद्ध झालं आणि ही मर्यादा सर्व्हरच्या हाती गेली. माउंट होताना क्लायंट एफएसइन्फो नावाची विनंती करतो आणि सर्व्हर इतर गोष्टींबरोबर चार आकडे सांगतो: वाचण्याचा कमाल, वाचण्याचा पसंतीचा, लिहिण्याचा कमाल, लिहिण्याचा पसंतीचा. चौथ्या आवृत्तीत कमाल आकडे फाइल सिस्टिमचे गुणधर्म म्हणून विचारले जातात, आणि ४.१ पासून त्यावर आणखी एक मर्यादा येते: सेशन उघडताना ठरलेला विनंतीचा आणि उत्तराचा कमाल आकार.

लिनक्स क्लायंटचा हिशेब साधारण असा चालतो. तुम्ही काहीच मागितलं नसेल तर सर्व्हरच्या पसंतीचा आकडा घ्यायचा. मागितलं असेल तर ते घ्यायचं, पण सर्व्हरच्या कमाल मर्यादेपलीकडे जायचं नाही. शिवाय क्लायंटची स्वतःची मर्यादा १०४८५७६ बाइट, म्हणजे १ एमबी. त्याहून मोठं मागितलंत तर गुपचूप १ एमबी धरलं जातं. १०२४ पेक्षा लहान मागितलंत तर त्याऐवजी ४०९६ धरलं जातं. अधलामधला, १०२४ च्या पटीत नसलेला आकडा खाली उतरवला जातो. यांपैकी कशाचीही तक्रार पडद्यावर उमटत नाही. म्हणून मागताना दोनाच्या घातातले आकडे मागा, ३२७६८, ६५५३६, २६२१४४, १०४८५७६ असे. कोणत्याच कर्नलवर त्यांची काटछाट व्हायची वेळ येत नाही.

४.१ च्या माउंटवर कधी कधी १०४८५७६ पेक्षा किंचित कमी, कसल्याच पटीत न बसणारा आकडा दिसतो. बिघाड समजू नका. सेशनच्या कमाल आकारातून हेडरसाठी लागणारे बाइट वजा झालेले असतात, एवढंच.

आता सर्व्हर. समोर लिनक्सचाच सर्व्हर असेल तर त्याची मर्यादा प्रॉकखालच्या एफएस, त्याखालच्या एनएफएसडी डिरेक्टरीत मॅक्स ब्लॉक साइझ नावाच्या फाइलमध्ये दिसते. कर्नल हा आकडा मशीनच्या मेमरीवरून काढतो: मेमरीचा ४०९६ वा भाग, वर १ एमबीची मर्यादा, खाली ८ केबीची, आणि दर वेळी निम्मं करत उतरायचं. कागदावर ४ जीबी मेमरीला १ एमबी यायला हवं. पण कर्नलला दिसणारी मेमरी नेहमी ४ जीबीहून जराशी कमी असते, त्यामुळे आकडा एक पायरी खाली घसरतो आणि मिळतात ५२४२८८ बाइट. १ जीबीच्या छोट्या बोर्डावर सर्व्हर उभा केला की क्लायंटकडे १३१०७२ दिसतं ते याच कारणाने. क्लायंटच्या एफएसटॅबमध्ये तुम्ही १ एमबी कितीही ठासून लिहा, सर्व्हर देतो तेवढंच मिळणार.

सर्व्हरचा हा आकडा वाढवता येतो, पण एनएफएसडीचे (कर्नलमधल्या एनएफएस सर्व्हरचे) थ्रेड चालू असताना नाही, तेव्हा कर्नल ‘व्यस्त’ असं सांगून नकार देतो. सेवा थांबवायची, त्या फाइलमध्ये आकडा लिहायचा, सेवा सुरू करायची. आणि लक्षात ठेवा, प्रत्येक थ्रेड तेवढ्या आकाराची जागा बाळगतो. ६४ थ्रेड आणि १ एमबी म्हणजे ६४ एमबी. १ जीबीच्या मशीनवर कर्नलने हात आखडता घेतला होता तो उगाच नव्हे.

सर्व्हर म्हणजे तयार स्टोरेजची पेटी असेल तर तिच्या सेटिंगमध्ये बघावं लागतं. नेटॲप कंपनीच्या ऑनटॅप या स्टोरेज प्रणालीमध्ये टीसीपीवरच्या कमाल आकाराचं सेटिंग असतं आणि ते मुळात ६५५३६ वर असतं. माझ्या त्या तीन सर्व्हरवरच्या आकड्याचं मूळ कदाचित असंच कुठेतरी होतं.

पायरी ३: बदलून बघा, पण नीट

माउंट चालू असताना रीमाउंट देऊन हे आकडे बदलत नाहीत. आधी अनमाउंट करा. ‘टार्गेट व्यस्त’ असं उत्तर आलं तर एफयूझर किंवा एलएसओएफने कोण बसलंय ते शोधा. एल पर्यायाचं आळशी अनमाउंट करून पुढे जाऊ नका, कारण जुनं माउंट मागे जिवंत राहतं आणि मग तुम्ही कोणतं मोजताय हेच कळत नाही.

मग हाताने माउंट करा: प्रकार एनएफएस, ओ पर्यायानंतर आरसाइझ आणि डब्ल्यूसाइझ स्वल्पविरामाने जोडून, मध्ये मोकळी जागा न सोडता. एफएसटॅबला अजून हात लावू नका, प्रयोग तिथे करायचे नसतात. माउंट झालं की लगेच पायरी १ परत करा. मागितलेला आणि ठरलेला आकडा जुळत नसेल तर पायरी २ कडे जा.

एक मत सांगतो, पटलं तर घ्या: नवीन क्लायंट आणि नवीन सर्व्हर असेल तर पहिला प्रयोग हे दोन्ही पर्याय काढून टाकण्याचा करा. दोघांनी आपापसात ठरवलेला आकडा बहुतेक वेळा तुमच्या अंदाजापेक्षा बरा निघतो. हाताने आकडा लिहायचा तो तसं करण्याचं कारण एका वाक्यात सांगता येत असेल तरच.

पायरी ४: चालता आकडा मोजा

बरेच जण तिसऱ्या पायरीवर थांबतात. खरी गंमत इथून सुरू होते.

एनएफएसआयओस्टॅट हा आदेश पाच सेकंदांच्या अंतराने आपल्या माउंटवर चालवा. पहिला अहवाल माउंट झाल्यापासूनच्या सरासरीचा असतो, तो सोडून द्या. दुसऱ्यापासून पुढचे बघा. वाचन आणि लेखन यांच्या वेगवेगळ्या ओळी येतात आणि त्यात ‘केबी पर ऑप’ असा एक रकाना असतो. एका विनंतीमागे सरासरी किती किलोबाइट गेले, ते तो सांगतो. हाच आपला तिसरा आकडा. शेजारीच रीट्रान्समिशन (पुन्हा पाठवलेल्या विनंत्या), सरासरी आरटीटी (विनंती जाऊन उत्तर यायला लागलेला वेळ) आणि विनंती पूर्ण व्हायला लागलेला एकूण वेळ दिसतो. आरटीटी कमी पण एकूण वेळ बराच जास्त असेल, तर विनंत्या क्लायंटच्याच दारात रांगेत उभ्या आहेत.

मोजण्यासाठी एक मोठी फाइल घ्या आणि डीडी या कॉपी करणाऱ्या आदेशाने वाचा. वाचण्याआधी क्लायंटचा कॅशे रिकामा करा, नाहीतर दुसऱ्या वेळी फाइल मेमरीतूनच येईल आणि तुम्ही नेटवर्कऐवजी स्वतःची रॅम मोजून बसाल. अनमाउंट करून परत माउंट केलं तरी चालतं. लिहिण्याची चाचणी घेताना डीडीला शेवटी एफसिंक (मेमरीतला डेटा डिस्कपर्यंत पोचवणं) करायला सांगा, आणि नुसती शून्यं लिहू नका. सर्व्हरवर कॉम्प्रेशन चालू असेल तर शून्यांचा डोंगर डिस्कपर्यंत पोचतच नाही.

आता समजा, ठरलेलं आरसाइझ १ एमबी आहे, सलग वाचन चालू आहे, तरी केबी पर ऑप १२८ च्या आसपास अडकलंय. हे आजकाल सर्रास दिसतं आणि त्यात आरसाइझचा दोष नसतो. साधं वाचन कर्नलच्या आगाऊ वाचनाच्या खिडकीतून जातं. पूर्वी एनएफएससाठी ही खिडकी आरसाइझच्या १५ पट असायची, म्हणजे १ एमबीला १५३६० केबी. कर्नल ५.४ पासून ती इतर फाइल सिस्टिमसारखी मुळात १२८ केबी झाली. खिडकीच १२८ केबीची असेल तर १ एमबीची विनंती येणार कुठून?

ही खिडकी बदलायची जागा सिसखालच्या क्लास, त्याखालच्या बीडीआय डिरेक्टरीत आहे. माउंटपॉइंट हा आदेश डी पर्यायासह चालवला की दोन आकडे कोलनने (:) जोडून मिळतात, त्याच नावाची डिरेक्टरी तिथे सापडेल. आत रीड अहेड केबी या फाइलमध्ये नवा आकडा लिहायचा. सलग मोठ्या फाइली वाचणाऱ्या कामाला १५३६० लिहून परत मोजा. फरक पडायचा असेल तर लगेच दिसेल. पण हे माउंटबरोबर निघून जातं. कायमचं हवं असेल तर एनएफएस युटिल्सच्या नव्या आवृत्त्यांमध्ये एनएफएसआरअहेड नावाचं साधन आहे, ते माउंट होताच हा आकडा लावतं. इकडेतिकडे उड्या मारत वाचणाऱ्या कामाला मात्र ही खिडकी मोठी करू नका, नको असलेला डेटा ओढला जाईल.

लिहिण्याची गोष्ट निराळी. प्रोग्रामने चार-चार केबी लिहिले तरी क्लायंट ती पानं मेमरीत साठवतो आणि सलग पानांची मोळी बांधून डब्ल्यूसाइझपर्यंतच्या विनंत्या करतो. म्हणून साध्या कॉपीला केबी पर ऑप छान मोठं दिसतं. ते लहान दिसलं तर तीन गोष्टी तपासा. माउंटला सिंक पर्याय आहे का? तो असेल तर प्रत्येक लेखन तिथल्या तिथे सर्व्हरकडे जातं आणि मोळी बांधायला वेळच मिळत नाही. प्रोग्राम ओडायरेक्ट (कॅशे टाळून थेट वाचण्या-लिहिण्याची सोय) वापरतो का? मग कॅशे बाजूला पडतो आणि प्रोग्राम देईल तेवढाच तुकडा जातो, फक्त डब्ल्यूसाइझहून मोठा असेल तर तोडून. की प्रोग्राम दर दोन ओळींनंतर एफसिंक करतो? या तिन्ही ठिकाणी डब्ल्यूसाइझ वाढवून काडीचाही फरक पडत नाही.

जुने सल्ले, आणि एमटीयूचं भूत

आरसाइझ ८१९२ ठेवा, ३२७६८ च्या वर जाऊ नका, असे सल्ले अजून फिरतात. एके काळी ते बरोबर होते. एनएफएस यूडीपीवर, म्हणजे हरवलेलं स्वतः परत न पाठवणाऱ्या वाहतुकीवर, चालायचं तेव्हा एक विनंती म्हणजे एक डेटाग्राम, एक अखंड पुडकं. एमटीयू म्हणजे नेटवर्कवरच्या एका पॅकेटचा कमाल आकार, १५०० च्या एमटीयूवर ८ केबीच्या डेटाग्रामचे ६ तुकडे व्हायचे, ३२ केबीचे २३. त्यांतला एक जरी हरवला तरी सगळा डेटाग्राम फुकट, पुन्हा पहिल्यापासून. वेगवान नेटवर्कवर त्याहून वाईट घडायचं: तुकडे ओळखण्याचा आयपीचा क्रमांक १६ बिटांचा, तो फिरून परत तिथेच आला की एका डेटाग्रामचा तुकडा दुसऱ्यात जोडला जाऊन डेटा बिघडण्याची शक्यता असायची. टीसीपीवर हे प्रश्न उरत नाहीत, हरवलेला तेवढाच सेगमेंट परत येतो. लिनक्सच्या कर्नल ५.६ पासून तर एनएफएसचा यूडीपी आधार मुळात बंदच ठेवलेला असतो.

त्या काळातूनच आरसाइझ आणि एमटीयू जुळले पाहिजेत ही समजूत आली. टीसीपीवर त्यांचा काही संबंध नाही. १ एमबीचं उत्तर १५०० च्या एमटीयूवर सव्वासातशेच्या आसपास सेगमेंटांत येतं, ९००० वर सव्वाशेच्या आत. मोठ्या फ्रेमचा फायदा होतो तो प्रोसेसरला, आरसाइझशी तो बांधलेला नाही.

एमटीयूमुळे एक फसवं लक्षण मात्र दिसतं. माउंट होतं, एलएस चालतं, लहान फाइली उघडतात, आणि मोठी फाइल वाचायला घेतली की सगळं गोठतं. वाटेतल्या एखाद्या स्विचवर मोठ्या फ्रेम चालू नसल्या की असं होतं: लहान उत्तरं सुटतात, मोठी मध्येच गडप होतात. अशा वेळी कोणीतरी आरसाइझ १०२४ करून बघतो, उत्तरं एका छोट्या पॅकेटमध्ये मावायला लागतात, आणि कधी कधी माउंट चालू झाल्यासारखं वाटतं. दुखणं झाकलं गेलं, बरं झालं नाही. तुकडे न करण्याचा पर्याय देऊन पिंग करा, ९००० च्या एमटीयूसाठी ८९७२ बाइटचा, १५०० साठी १४७२ चा. जो जात नाही तिथे उत्तर आहे.

मुद्दाम लहान आकडा कधी ठेवायचा

अशी वेळ क्वचित येते, पण येते. १ एमबी म्हणजे साधारण ८४ लाख बिट. १ गिगाबिटच्या दुव्यावर ते ८ मिलिसेकंदांत निघून जातात. १० मेगाबिटच्या दुव्यावर त्यांना ०.८४ सेकंद लागतात. त्याच टीसीपी जोडणीवर मागे उभी असलेली फाइलचे गुणधर्म विचारणारी चिमुकली विनंती तेवढा वेळ ताटकळते. अशा चार-सहा मोठ्या विनंत्या एकामागोमाग लागल्या की एलएस पाच सेकंद अडकतं आणि लोक म्हणतात सर्व्हर बंद पडला. अशा बारीक दुव्यावर ३२७६८ किंवा ६५५३६ ठेवलं तर एकूण वेग फारसा कमी न होता माउंट जिवंत वाटतं.

वेगवान दुव्यावर हीच अडचण आली तर आकडा कमी करण्याआधी एनकनेक्ट हा पर्याय बघा. कर्नल ५.३ पासून तो आहे. त्याने एका सर्व्हरकडे १६ पर्यंत टीसीपी जोडण्या उघडता येतात.

आणि सॉफ्ट माउंट (काही प्रयत्नांनंतर हार मानणारं; हार्ड माउंट उत्तर येईपर्यंत प्रयत्न करत राहतं) असेल तर थांबा. संथ दुव्यावर मोठ्या विनंत्या वेळेत पुऱ्या न होता सॉफ्ट माउंटने हार मानली, तर प्रोग्रामला चूक कळवली जाते आणि ती तपासली नाही तर फाइल अर्धवट राहते. लिहिण्याच्या माउंटला हार्डच ठेवा.

स्वतः क्लायंट लिहीत असाल तर

लिबएनएफएस ही लायब्ररी वापरून किंवा थेट प्रोटोकॉल बोलून कोणी छोटा क्लायंट लिहायला घेतला, तर आकार हाताळताना ठरावीक चुका होतात.

पहिली चूक, मागितलं तेवढं मिळेलच असं धरणं. सर्व्हरला कमी देण्याची मुभा आहे. कमाल मर्यादेहून मोठं मागितलं तर तो मर्यादेपुरतं देतो, आणि त्याहूनही कमी देऊ शकतो. प्रत्येक उत्तरात आलेल्या बाइटची संख्या आणि फाइल संपल्याची खूण अशा दोन वेगळ्या गोष्टी असतात. कमी बाइट आले म्हणजे फाइल संपली असं नाही. खूण नसेल तर आले तेवढे पुढे सरकून उरलेलं पुन्हा मागायचं.

लेखनाचंही तसंच. २.५ एमबीचं लेखन १ एमबीच्या डब्ल्यूसाइझवर तीन विनंत्यांत जातं, आणि प्रत्येक उत्तरात किती बाइट लिहिले ते येतं. उरलेले पुढच्या जागेपासून परत पाठवायचे. उत्तर यशस्वी पण लिहिलेले बाइट शून्य, असं आलं तर फिरत बसू नका, नाहीतर लूप कधीच संपणार नाही. लिनक्सचा क्लायंट अशा वेळी लॉगमध्ये सर्व्हरने शून्य बाइट लिहिल्याची ओळ टाकतो आणि चूक परत करतो.

दुसरी चूक जास्त महाग पडते. तिसऱ्या आवृत्तीपासून राइट विनंती अस्थिर स्वरूपात पाठवता येते, म्हणजे सर्व्हरने डेटा घेतला, पण डिस्कवर गेल्याची हमी नाही. हमी मिळते ती नंतरच्या कमिटने. राइट आणि कमिट दोन्हींच्या उत्तरात ८ बाइटचा एक व्हेरिफायर असतो. मधल्या काळात सर्व्हर रीबूट झाला तर तो बदलतो. म्हणून कमिटचं उत्तर येईपर्यंत डेटा टाकून द्यायचा नाही, दोन्ही व्हेरिफायर जुळवायचे, जुळले नाहीत तर सगळं परत पाठवायचं. ‘राइट यशस्वी झाली’ एवढ्यावर बफर मोकळा करणारा क्लायंट चाचणीत कधीच हरत नाही. सर्व्हर मध्येच रीबूट झाला की मात्र त्याच्याकडे परत पाठवायला काहीच उरलेलं नसतं.

तिसरं, मोठं लेखन तुकड्यांत जातं म्हणजे ते अखंड राहत नाही. दोन क्लायंट एकाच फाइलच्या एकाच भागात एकाच वेळी लिहीत असतील तर तुकडे एकमेकांत मिसळू शकतात. डब्ल्यूसाइझ वाढवून यावर उपाय होत नाही. लॉक घ्या.

सांबाच्या, म्हणजे विंडोजच्या एसएमबी पद्धतीने फाइली वाटण्याच्या बाजूचं म्हणाल तर लिनक्सवरच्या तिच्या सीआयएफएस माउंटलाही याच नावांचे पर्याय आहेत, पण आकडे वेगळे. लिनक्स क्लायंट तिथे मुळात ४ एमबी मागतो, कर्नल ४.२० च्या आधी १ एमबी मागायचा, आणि एसएमबी २.१ च्या आधीच्या बोलीत सर्व्हर बहुधा ६४ केबीच्या वर जात नसे. एनएफएसचा आकडा तिकडे नेऊ नका, तिकडचा इकडे आणू नका. तपासायची रीत मात्र तीच: प्रॉकमधल्या माउंट्समध्ये ठरलेला आकडा बघायचा.

एफएसटॅबमध्ये लिहिताना

प्रयोग संपले आणि हाताने आकडा ठेवणं खरंच गरजेचं निघालं, तर त्या ओळीच्या वर हॅशने सुरू होणारी एक टीप लिहा: तारीख, क्लायंटचा कर्नल, सर्व्हर कोणता, आकडा का ठेवला, आणि बदलाआधी व नंतर केबी पर ऑप किती होतं. आगाऊ वाचनाची खिडकी बदलली असेल तर तेही तिथेच. सर्व्हर बदलला किंवा कर्नल मोठी उडी मारून पुढे गेला की आकडा काढून पायरी १ पासून परत बघा.